कॅसेटीत न मावणारा गेम

निन्टेंडोने २००० साली जपानात आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत ‘कर्बी टिल्ट एन टम्बल’ नावाचा गेम आणला. तो गेम बॉय कलरसाठी होता. यातल्या गोलमटोल कर्बीला चालवायचं ते बटणांनी नव्हे. हातातलं यंत्र ज्या बाजूला कलवाल त्या बाजूला तो घरंगळत जातो. यंत्र कललं हे ओळखणारा सेन्सर गेम बॉयमध्ये नव्हताच, तो कॅसेटीत बसवला होता. (कार्ट्रिज हा शब्द पुस्तकी, नव्वदीच्या दशकात आपल्याकडच्या पोरांनी तिला कॅसेटच म्हटलं, मीही तेच म्हणणार.) हीच कॅसेट २००३ च्या गेम बॉय ॲडव्हान्स एसपीत घातली तर चित्र येतं, आवाज येतो, सगळं सुरळीत वाटतं, फक्त दिशा उलट्या होतात. बिघाड कशातच नाही. जुन्या यंत्रात कॅसेट वरून जायची, एसपीत ती खालून जाते. त्यामुळे आतला सेन्सर उलटा बसतो आणि कलण्याचं माप उलटं देतो.

जुने गेम जुन्या किंवा नव्या हातयंत्रांवर खेळू पाहणाऱ्यांच्या बहुतेक कटकटींचं मूळ या उदाहरणात सापडतं. गेम कॅसेटीत असतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याचा काही भाग यंत्रात असतो, काही पडद्यात, काही एका बटण सेलमध्ये, काही त्या देशाच्या भाषेत आणि सवयींत. कॅसेट हातात आली, म्हणजे त्यातला एक तुकडा हातात आला. बाकीचे जमवताना दमछाक होते.

कोनामीचा ‘बोक्ताई’ तर सूर्यावर अवलंबून होता. मेटल गिअरकर्ते हिदेओ कोजिमा यांच्या कल्पनेतून आलेल्या या २००३ च्या गेमच्या कॅसेटीवर प्रकाश मोजणारा सेन्सर आहे, आणि पिशाच्चांना मारण्याची ताकद खऱ्या उन्हातून मिळवायची असते. पुण्यात जून ते सप्टेंबर या गेमला हात न लावलेला बरा. नागपुरात एप्रिलमध्ये ऊन हवं तेवढं, पण खेळणारा उन्हात टिकायला हवा. गंमत अशी की गेम बॉय ॲडव्हान्सचा मूळ पडदा उन्हातच सर्वांत चांगला दिसायचा, कारण त्याला स्वतःचा उजेड नव्हता. ज्यांनी पुढे हौसेने आतून उजळणारा पडदा बसवून घेतला, त्यांना भर उन्हात चित्र फिकट दिसतं. आणि फोनवर एम्युलेटरने, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने, खेळायचं तर सूर्याच्या जागी एक बटण दाबून ‘ऊन वाढवा’ असं सांगावं लागतं. हे बटण दाबताना मला नेहमी चोरी केल्यासारखं वाटतं.

साध्या कॅसेटीसुद्धा वाटतात तेवढ्या साध्या नाहीत. गेम बॉय सुरू केला की निन्टेंडोचं नाव वरून सरकत पडद्याच्या मधोमध येतं. हे नाव यंत्र दाखवतं असं वाटतं, पण त्याचं चित्र कॅसेटीतून वाचलेलं असतं. यंत्रात फक्त २५६ बाइटचा एक छोटा प्रोग्राम असतो. तो कॅसेटीतलं चित्र दाखवतो, आपल्याजवळच्या नमुन्याशी ताडून पाहतो, आणि एका ठिपक्याचा फरक निघाला तरी तिथेच थांबतो. यामागे वकिली डोकं होतं. परवानगीशिवाय गेम बनवणाऱ्याला तो चालवण्यासाठी निन्टेंडोचं नोंदणीकृत चिन्ह आपल्या कॅसेटीत उतरवावंच लागणार, आणि उतरवलं की तो कोर्टात सापडणार. तीस-पस्तीस वर्षांनंतर मात्र याच तपासणीचा वेगळा उपयोग होतो. नाव विस्कटलेलं आलं तर कॅसेटीच्या धातूच्या पट्ट्यांवर मळ किंवा गंज आहे. नावाच्या जागी नुसता काळा पट्टा आला तर यंत्राला कॅसेटीतून काहीच वाचता आलेलं नाही. दुरुस्तीवाल्याला निम्मं निदान इथेच मिळतं.

उपाय म्हणून आपण सगळ्यांनी फुंकर मारली आहे. फुंकरीने काम होतं असं वाटायचं, कारण फुंकर मारण्यासाठी कॅसेट काढून पुन्हा बसवावी लागायची, आणि पुन्हा बसवण्यानेच पट्ट्या घासून संपर्क जुळायचा. फुंकरीतला ओलावा मात्र पट्ट्यांवर राहायचा आणि सावकाश गंज धरायचा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत ठेवलेल्या कॅसेटीला तर तेवढंही निमित्त लागत नाही. कानकोरणीच्या कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसायच्या, वाळू द्यायच्या, मग कॅसेट लावायची, बस्स.

याहून मोठं दुखणं सेव्हचं. गेम बॉयच्या बहुतेक मोठ्या गेममध्ये तुमची प्रगती ज्या मेमरीत साठते, तिला सतत थोडी वीज लागते. ही वीज कॅसेटीतल्या बोर्डाला जोडलेला एक नाण्याएवढा सेल पुरवतो, सीआर २०२५ किंवा सीआर १६१६ जातीचा. सेल संपला की प्रगती पुसली जाते. गेम चालू राहतो, पण यंत्र बंद केल्यावर त्याला तुमची ओळख राहत नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये जपानात आलेल्या पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये तर दिवस-रात्र खऱ्या घड्याळाप्रमाणे बदलतात, आणि ते घड्याळही याच सेलवर चालतं. त्यामुळे या कॅसेटींचे सेल त्यांच्याआधीच्या पोकेमॉन रेडच्या कॅसेटींपेक्षाही लवकर मरतात. धाकटी बहीण आधी म्हातारी होते, असा हा प्रकार.

२००२ च्या पोकेमॉन रूबी आणि सफायरमध्ये निन्टेंडोने सुधारणा केली. सेव्ह वीज न लागणाऱ्या फ्लॅश मेमरीत गेली, सेल फक्त घड्याळापुरता राहिला. आज तुम्ही रूबी सुरू केलात तर बहुधा आतला सेल संपल्याची सूचना येईल आणि गेम तरीही खेळता येईल. फक्त त्या जगातला काळ गोठलेला असेल. पेरलेल्या बेरी उगवत नाहीत, एका गुहेतली भरती-ओहोटी जागच्या जागी थांबते. सूचना वाचून घाबरलेले लोक गेम बिघडला म्हणून कवडीमोलाने विकतात, आणि जाणकार ते आनंदाने घेतात.

सेल बदलणं तसं दहा मिनिटांचं काम आहे, पण तो टॉर्चच्या सेलसारखा नुसता काढून घालता येत नाही. त्याला धातूच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात आणि त्या बोर्डाला डाख देऊन जोडलेल्या. म्हणून पट्ट्यांसकट मिळणारा सेलच घ्यायचा आणि सोल्डरिंग करायचं. काहीजण साधा सेल चिकटपट्टीने दाबून बसवतात. कॅसेट खिशात हलली की संपर्क तुटतो, आणि महिनाभराची मेहनत त्या एका क्षणात जाते. शिवाय कॅसेट उघडायला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर चालत नाही. निन्टेंडोचे स्क्रू वेगळ्या डोक्याचे, त्याचं हत्यारही वेगळं मागवावं लागतं.

उघडून पाहण्याचा आणखी एक फायदा म्हणजे डुप्लिकेट ओळखता येतो. पोकेमॉन एमराल्डसारख्या मागणी असलेल्या गेमच्या नकली कॅसेटी जगभर पसरल्या आहेत. बाहेरचं लेबल आता इतकं हुबेहूब असतं की त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. अस्सल बोर्डावर निन्टेंडोचं नाव छापलेलं असतं आणि चिपा नीट ओळखीच्या असतात. नकलीत बऱ्याचदा काळ्या राळेचा एक गोळा दिसतो. नकली कॅसेट सुरुवातीला छान चालते. सेव्ह उडते ती अगदी शेवटच्या लढाईनंतर. हे वेळापत्रक कोणी ठरवलंय कोण जाणे.

पडद्यांचा विषय मला सर्वांत रंजक वाटतो, कारण इथे साध्या गणितातून भांडणं उभी राहतात. १९८९ च्या गेम बॉयचा पडदा १६० ठिपके रुंद आणि १४४ ठिपके उंच होता, चार छटांचा, आतून उजेड नसलेला. गुनपेई योकोई यांच्या चमूने रंगीत पडदा मुद्दाम टाळला. त्यामुळे चार पेन्सिल सेलवर गेम बॉय तासन्‌तास चालायचा. सेगाचा १९९० चा गेम गिअर रंगीत आणि उजळ होता, पण सहा सेल काही तासांत खाऊन टाकायचा. बाजाराने निकाल दिला: गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक विकले गेले. (गेम गिअर आज घ्यायचाच असेल तर त्यातले कपॅसिटर बदलावे लागणार हे गृहीत धरूनच किंमत करा. ते गळतात, पडदा अंधारतो आणि आवाज बसतो.)

आता हेच १६० बाय १४४ ठिपके २००१ च्या गेम बॉय ॲडव्हान्सच्या २४० ठिपके रुंद पडद्यावर ताणून दाखवायचे म्हटलं तर रुंदी दीडपट होते. ठिपका अर्धा करता येत नाही. फरशी घालताना दीड फरशीची जागा उरली तर गवंडी एक कापतो, पण इथे कापायची सोय नाही. मग एक ठिपका एकपट रुंद, शेजारचा दुप्पट, असं करावं लागतं, किंवा दोघांचं मिश्रण करून काठ पुसट करावे लागतात. पहिल्या युक्तीत अक्षरांच्या उभ्या रेघा एक जाड एक बारीक दिसतात, दुसरीत सगळंच धूसर. म्हणून जाणकार ताणण्याच्या भानगडीत पडत नाहीत, काळी चौकट सोडून मूळ आकारातच खेळतात.

हा हिशेब पुढेही सुटला नाही. निन्टेंडो थ्रीडीएसवर जुने डीएसचे गेम चालतात, पण २५६ बाय १९२ चं चित्र ३२० बाय २४० पर्यंत, म्हणजे सव्वापट ताणलं जातं आणि पुसट होतं. गेम उघडताना स्टार्ट किंवा सिलेक्ट बटण दाबून धरलं तर ते मूळ आकारात उघडतं. लाखो लोकांनी हे यंत्र वर्षानुवर्षं वापरलं आणि ही किल्ली त्यांना कधी कळलीच नाही. सोनीच्या पीएसपीवर हौशी लोकांनी गेम बॉय ॲडव्हान्सचे एम्युलेटर चालवले, तेव्हा रुंदी अगदी दुप्पट जुळली: २४० चे ४८०. उंची मात्र १६० ची ३२० व्हायला हवी, आणि पडदा २७२ ला संपतो. याउलट ॲनबर्निक या चिनी कंपनीच्या आरजी ३५१ पी या यंत्राचा पडदा ४८० बाय ३२० आहे, म्हणजे हिशेब ठेवूनच निवडलेला. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या अमेरिकी ॲनालॉग पॉकेटने तर १६०० बाय १४४० चा पडदा घेतला, गेम बॉयच्या बरोबर दहापट. एका ठिपक्याला शंभर ठिपके मिळाल्यावर जुन्या पडद्याची जाळीसुद्धा हुबेहूब उतरवता येते. तिथेही गेम बॉय ॲडव्हान्स लावला की सहापटीवर थांबून कडेला काळी पट्टी सोडावी लागते, कारण १६०० ला २४० ने पूर्ण भाग जात नाही.

ठिपके जुळले तरी रंग जुळतील याची हमी नाही. गेम बॉय ॲडव्हान्सच्या पहिल्याच दिवसांत आलेला कोनामीच्या कॅसलव्हेनिया मालिकेतला ‘सर्कल ऑफ द मून’ त्या अंधाऱ्या पडद्यावर इतका काळोखा दिसायचा की खेळणाऱ्यांनी तक्रारींचा पाऊस पाडला. धडा घेऊन कोनामीने पुढच्या वर्षीचा भाग भडक रंगांत केला. आज दोन्ही गेम उजळ पडद्यावर लावा: काळोखा भाग देखणा दिसतो, दुरुस्त केलेला भाग जत्रेसारखा. दोष चित्रकारांचा नव्हे, त्यांनी ज्या पडद्यासाठी रंग निवडले तो पडदाच राहिला नाही. तसंच लुकलुकणाऱ्या सावल्यांचं. जुना पडदा चित्र बदलायला वेळ लावायचा, म्हणून गेम बनवणारे एखादी वस्तू एकाआड एक चित्रात दाखवून ती अर्धपारदर्शक असल्याचा भास निर्माण करायचे. आजचा चपळ पडदा तो भास जसाच्या तसा उघडा पाडतो, आणि भूत पारदर्शक दिसण्याऐवजी ट्यूबलाइटसारखं फडफडतं.

परदेशी गेमची गोष्ट निराळी. इथे एक उलटी गंमत आहे: जितकं जुनं यंत्र, तितकं ते परक्याला उदार. गेम बॉयला देशांची कुंपणं नव्हती. टोकियोत विकत घेतलेली १९८९ ची कॅसेट न्यूयॉर्कमधल्या यंत्रात मुकाट चालायची. गेम बॉय ॲडव्हान्सचंही तसंच. पीएसपीच्या बाबतीत सोनीने चित्रपटांच्या डिस्कवर देशांचे कोड घातले, गेम मोकळे ठेवले. कुंपण आलं ते २००८ च्या निन्टेंडो डीएसआयपासून, आणि तेही अर्धवट. साधे डीएस गेम कुठेही चालत, पण डीएसआयची जादा सोय असलेले गेम ज्या देशासाठी बनले त्याच देशाच्या डीएसआयवर. २०१० चे पोकेमॉन ब्लॅक आणि व्हाइट या दुसऱ्या वर्गातले. त्यामुळे जपानी ब्लॅक अमेरिकेतल्या नव्या डीएसआयवर चालेना, पण कोणाच्याही खणात पडलेल्या जुन्या डीएस लाइटवर चाले. जुनं देऊन नवं यंत्र घेतलेला माणूस फसला, आळशी माणूस सुखी.

२०११ च्या थ्रीडीएसने दार पूर्ण बंद केलं. कॅपकॉमचा ‘ग्रेट एस ॲटर्नी’ २०१५ मध्ये फक्त जपानात, फक्त थ्रीडीएसवर आला. तो इंग्रजीत यायला २०२१ उजाडलं, आणि तोही वेगळ्या यंत्रांवर. मधली सहा वर्षं बाहेरच्या चाहत्याला हवा असेल तर जपानी गेमबरोबर जपानी थ्रीडीएसही विकत घ्यायचा, आणि जपानी थ्रीडीएसचे मेनू फक्त जपानीत. घड्याळ लावायलासुद्धा चित्रांवरून अंदाज बांधायचा. २०१७ च्या स्विचने हे कुंपण काढलं, म्हणून आपण हुश्श केलं. मग जून २०२५ मध्ये स्विच २ आला तो जपानात दोन किमतींना. फक्त जपानी भाषा आणि जपानी खातं चालवणारा ४९,९८० येनला, सगळ्या भाषांचा ६९,९८० येनला. जपानला जाणाऱ्या नातेवाइकाला ‘तिथे स्वस्त आहे, घेऊन ये’ म्हणून सांगण्याआधी हा फरक नीट समजावून सांगावा, नाहीतर नात्यात वितुष्ट येईल.

यंत्राने कॅसेट स्वीकारली तरी भाषा स्वीकारेलच असं नाही. गेम बॉयच्या पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन असतात, एका ओळीत वीस. एवढ्या चौकोनात जपानी काना लिपीचं अक्षर बसतं, कांजी चिन्ह बसत नाही. म्हणून सुरुवातीचे जपानी गेम जवळजवळ सगळे कानातच लिहिलेले आहेत. शब्दकोशाच्या भरवशावर जपानी शिकणाऱ्याला हे सोपं वाटतं आणि तिथेच तो अडकतो, कारण सारख्या उच्चाराचे अनेक शब्द कांजीमुळे वेगळे ओळखता येतात आणि इथे कांजीच नाहीत. इंग्रजीत आणायचं तर उलटी पंचाईत. चार कानांत मावणाऱ्या तलवारीच्या नावाला इंग्रजीत आठ-दहा अक्षरं लागतात आणि चौकट तेवढीच. पोकेमॉनच्या पहिल्या पिढीत जपानी गेममध्ये प्राण्याचं नाव पाच अक्षरांपर्यंत, इंग्रजीत दहापर्यंत. नाव साठवायच्या जागेची लांबीच वेगळी झाल्यामुळे केबलने जपानी आणि इंग्रजी गेम जोडून देवाणघेवाण केली तर सेव्ह नासते. मराठीत असा अनुवाद करायचा कोणी घाट घातलाच तर वेलांटी, रफार, उकार आणि जोडाक्षरं आठ ठिपक्यांच्या उंचीत कशी बसवणार हा पहिला प्रश्न असेल, आणि मला तरी त्याचं उत्तर ‘बसत नाहीत’ असंच दिसतं.

तरी लोकांनी डोंगर हलवले आहेत. ‘मदर ३’ हा गेम एप्रिल २००६ मध्ये जपानात आला आणि निन्टेंडोने तो इंग्रजीत कधीच काढला नाही. व्यावसायिक अनुवादक क्लाइड मँडेलिन यांच्या पुढाकाराने चाहत्यांनी संपूर्ण गेम इंग्रजीत आणला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये तो मोफत दिला. दिला म्हणजे काय, तर गेम नव्हे. मूळ गेममध्ये कुठे काय बदलायचं याची फाइल. ती आपल्याकडच्या कॅसेटीतून उतरवलेल्या प्रतीवर चढवायची. म्हणजे कॅसेट हवी, ती वाचणारं उपकरण हवं, आणि चढवलेली प्रत खेळायला फ्लॅश कार्ट (पुन्हा लिहिता येणारी कॅसेट) किंवा एम्युलेटर. इतका खटाटोप करून लोक हा गेम खेळले आणि अजून खेळतात. २०२४ मध्ये निन्टेंडोने तो स्विचच्या सदस्यांना उपलब्ध करून दिला, पुन्हा फक्त जपानात.

भाषेपलीकडे हाताच्या सवयींचं काय? प्लेस्टेशनच्या यंत्रांवर २०२० पर्यंत जपानात गोल म्हणजे ‘होय’ आणि फुली म्हणजे ‘नाही’ असायचं. तिथे बरोबर उत्तराला गोल करतात. बाकीच्या जगात सोनीने फुलीला ‘होय’ केलं. जपानी पीएसपी गेम खेळताना बोट सवयीने फुलीवर जातं आणि तुम्ही प्रत्येक मेनूतून बाहेर पडता. ‘जुनी सेव्ह पुसून नवी लिहू का?’ असं न कळणाऱ्या भाषेत विचारलं जातं, तेव्हा ही सवय महागात पडते. इथे एसएनकेच्या १९९९ च्या निओ जिओ पॉकेट कलरचं कौतुक करावंसं वाटतं. त्या यंत्राच्या सेटिंगमध्ये भाषा निवडली की बरेचसे गेम आपोआप जपानी किंवा इंग्रजी होतात, कॅसेट कुठलीही असो. इतकी साधी सोय इतर कोणाला का सुचली नाही, हे कोडंच आहे.

आपल्याकडे यात विजेची भर पडते. जपानात १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. गेम बॉय ॲडव्हान्स एसपी आणि डीएसचे त्या देशांसाठी बनलेले चार्जर पुष्कळदा तेवढ्याच दाबासाठी असत. मामाने अमेरिकेतून आणलेलं यंत्र पिनेला अडॅप्टर लावून थेट भिंतीत खोचलं की आधी वास येतो, मग शांतता. चार्जरवरची बारीक छपाई वाचायची. १०० ते २४० लिहिलं असेल तरच लावायचा, नाहीतर यूएसबीवर चालणारी केबल घ्यायची. जुन्या लिथियम बॅटऱ्या फुगतात, विशेषतः पीएसपीच्या. मागचं झाकण उचललेलं दिसलं की यंत्र बंद करून बॅटरी काढायची, टोचून-दाबून पाहायची नाही. नवी मागवावी तर सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवण्यावर निर्बंध असल्याने पार्सल अडतं.

दुकानांचं म्हणाल तर भारत निन्टेंडोच्या नकाशावर फारसा कधी नव्हताच. स्विच आला तेव्हाही नव्हता. त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत पालिका बाजार, आणि येणारेजाणारे नातेवाईक एवढीच पेठ. मिळालेलं यंत्र कुठल्या देशाचं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. डाउनलोड घ्यायचे तर खातं दुसऱ्या देशाचं उघडायचं, त्या देशाची गिफ्ट कार्डं शोधायची, आणि एक नियम कायम लक्षात ठेवायचा: गेम ज्या देशाचा, त्याची पुरवणीही त्याच देशाच्या दुकानातून. सोनीच्या व्हिटात गेम कुठलाही चालतो, पण खातं बदलायचं म्हणजे यंत्र नव्याने रीसेट करायचं. त्यावर मेमरी कार्ड सोनीचं स्वतःचं, महाग आणि आता दुर्मीळ.

आणि ती दुकानंही टिकत नाहीत. पीएसपीचं दुकान बंद झालं. थ्रीडीएसच्या दुकानातली विक्री २७ मार्च २०२३ ला थांबली. तिथे फक्त डाउनलोड म्हणून विकले गेलेले कित्येक गेम त्या दिवसापासून कायदेशीरपणे विकत मिळेनासे झाले. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नव्हते. गेम बॉयच्या वाट्याला तर ६ टक्क्यांहूनही कमी उपलब्धता. कंपन्या एम्युलेटरकडे बोट दाखवून चोरी म्हणतात. पायरसी आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. चिनी यंत्रांबरोबर हजारो गेम भरलेलं स्वस्त कार्ड येतं ते काही कोणी परवाना घेऊन भरलेलं नसतं. (ते कार्डही लवकर मरतं, पहिल्या दिवशीच चांगलं घालावं.) पण जे विकायलाच ठेवलेलं नाही ते न विकत घेतल्याबद्दल ग्राहकाला रागावणं मला पटत नाही. एम्युलेटर हा प्रोग्राम स्वतः बेकायदा नाही. ॲपलनेही एप्रिल २०२४ मध्ये जुन्या कन्सोलचे एम्युलेटर आपल्या दुकानात येऊ दिले.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा कलम ५२ मध्ये प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला ती हरवणं, नष्ट होणं किंवा खराब होणं यापासून संरक्षण म्हणून बॅकअप घ्यायची मुभा देतो. २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं कलम ६५ क हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं. गेम बॉयच्या कॅसेटीला असं कुलूप नाही. ती वाचून संगणकावर उतरवणारी यूएसबी उपकरणं मिळतात, आणि ती गेमबरोबर सेव्हही उतरवतात.

तेव्हा माळ्यावर पोकेमॉन गोल्डची कॅसेट सापडली आणि त्यात वीस वर्षांपूर्वीची सेव्ह अजून जिवंत असली, तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी सेव्ह उतरवून घ्या, मग सेल बदला, मग सेव्ह परत चढवा. जुना सेल डाख तापवून निघाला की त्या मेमरीची वीज जाते, आणि त्यानंतर उतरवण्यासारखं काही उरत नाही.